दोन विहिणी, एक उत्तर

गावात दातांचे डॉक्टर पुष्कळ होते, पण दात बनवणाऱ्या बाई एकच. चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत त्यांचं काम चाले. डॉक्टरांकडून रोग्याच्या तोंडाचं माप यायचं आणि इथून कॅप नाहीतर अख्खी कवळी तयार होऊन जायची. बाहेरच्या खोलीत प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले. नवखा माणूस दारातच दचकायचा. आतल्या खोलीत भट्टी, खिडकीपाशी रंग जुळवायचं टेबल, आणि कोपऱ्यात नवा, कपाटाएवढा वाटणारा कॉम्प्युटर. अलीकडे दाताचा आकार पडद्यावर घडवायचा आणि मशीन तो पांढऱ्या चकतीतून कोरून काढायचं, म्हणून तो घेतलेला.

त्यांना सगळे दातवाल्या बाईच म्हणत. हात सोन्याचा, जीभ मात्र तितकी सोन्याची नाही. समोर माणूस आला की त्यांची नजर आधी त्याच्या तोंडात शिरायची, आणि नजर शिरली की मागोमाग बोलणं बाहेर पडायचं.

या जिभेनंच घोटाळा केला होता. मुलाचं लग्न ठरवायला दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा एकत्र बसली तेव्हा मुलीची आई तोंड भरून हसली. चांगली मोकळी बाई, जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला, आवाज असा की अनोळखी माणसानंही घरचं दुखणं सांगावं. ती हसली आणि दातवाल्या बाई बोलून गेल्या, "तुमचा हा पुढचा दात कुणी केला हो? रंग साफ चुकलाय."

बाईंच्या यजमानांनी घाईघाईनं पंख्याच्या वेगाबद्दल काहीतरी विचारलं. लग्न झालं, थाटात झालं, पण त्या दिवसापासून विहीणबाई दातवाल्या बाईंसमोर ओठ मिटून हसायच्या. वर्षभर दोघींचं बोलणं "बरं आहे ना?" आणि "हो, तुमच्याकडे?" याच्या पुढे सरकलं नाही. बाईंना खंत वाटायची. पण सुटलेला बाण भात्यात परत कसा घालायचा?

सून गुणी होती, पण तीही जपून वागायची. ती विद्यापीठात काम करायची. कशावर, असं कुणी विचारलं की बाई सांगत, "वाऱ्यावर." लोक हसून म्हणत, "म्हणजे सुनेला वाऱ्यावर सोडलंत होय?" याच्या पलीकडे बाईंना माहिती नव्हती, आणि विचारायचा धीरही होत नव्हता. आपली जीभ आपल्याला ठाऊक.

एका सुट्टीच्या दुपारी सून डबा घेऊन वर आली. बाई एका कवळीला पॉलिश करत होत्या. सून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी थबकली.

"अहो आई, हा दिवसभर चालू असतो?"

"सकाळी दोन-चार दात काढून देतो, मग बसतो ऐटीत. एवढा मोठा ऐदी आपल्या घराण्यात दुसरा नाही," बाई म्हणाल्या. रिकामं बसलेलं काहीही त्यांना बघवत नसे, मग तो माणूस असो की पातेलं.

सुनेचे डोळे चमकले. ती कधी बोलत नसे तेवढं एका दमात बोलली. झाडांचे परागकण वाऱ्यावर कुठे कुठे जातात, कुणाच्या नाकात शिरतात, दम्याच्या माणसांना कुठल्या आठवड्यात सांभाळायला हवं, याचं ती गणित करत होती. एकेका कणाचा प्रवास वेगळा मोजायचा. असे कण अगणित. विद्यापीठातल्या मोठ्या मशीनवर नंबर लागायला महिनोन्‌महिने. म्हणून त्यांच्या गटानं कामाचे बारीक तुकडे केले होते आणि लोकांच्या घरच्या रिकाम्या कॉम्प्युटरांना एकेक तुकडा पाठवायला सुरुवात केली होती. प्रत्येकानं आपला तुकडा सोडवायचा, उत्तर परत पाठवायचं, इकडे सगळी उत्तरं जोडायची.

"मग दे की एक तुकडा याला," बाई म्हणाल्या.

"देते. पण आधी याच्यात एक व्हर्च्युअल मशीन बसवावं लागेल. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. खरा नसतो, नुसता प्रोग्रॅमनं उभा केलेला. पण आमच्या गणिताला तो खराच वाटतो."

"आतला कशाला? बाहेरचा काय वाईट आहे?"

"आमचं गणित फार हट्टी आहे, आई. त्याला सगळं स्वतःच्या सवयीचं लागतं. लोकांचे कॉम्प्युटर तर शंभर तऱ्हांचे. म्हणून आम्ही गणिताबरोबर त्याच्या सवयीचा अख्खा कॉम्प्युटरच एका फाईलमध्ये बांधून पाठवतो. कुणाच्याही घरी उघडा, आत सगळं तसंच्या तसं."

बाईंना एकदम पटलं. "कळलं! म्हणजे सासरी येताना स्वतःची चूल घेऊन आलेली सून."

त्या गमतीनं म्हणाल्या, पण सुनेचं तोंड लगेच मिटलं. बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा जीभ! सुनेनं एका कागदावर प्रोग्रॅम कुठून उतरवायचे ते लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी ती डोंगरावर गेली. तिथे महिनाभर हवेतले कण गोळा करायचे होते, फोन लागला तर लागला.

आता बाईंच्या अंगात आलं. सून परत येईपर्यंत हे मशीन चालू झालं पाहिजे, मग बोलून नाही तरी करून दाखवता येईल. कवळ्या संपवून त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. एक प्रोग्रॅम उतरवला, दुसरा उतरवला, "पुढे", "पुढे", "मान्य" असं दाबत गेल्या. शेवटी आतला कॉम्प्युटर सुरू करायचं बटण दाबलं, तर पडद्यावर एक लांबलचक इंग्रजी वाक्य आलं आणि सगळं थांबलं. वाक्याचा अर्थ त्यांनी दोनदा वाचून लावला: या कॉम्प्युटरमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय बंद ठेवलेली आहे.

"सोय आहे, पण बंद ठेवलीय," त्या यजमानांना म्हणाल्या. "अशी कशी बंद ठेवतात?"

यजमान शाळेत खेळ शिकवत. ते म्हणाले, "मला शिट्टी वाजवायला सांग, वाजवतो. यातलं काही विचारू नकोस. तुझ्या विहीणबाईंना विचार. त्यांच्या घरी तर हे केव्हापासून चालू आहे, सून म्हणत होती."

बाईंनी आधी सुनेला फोन लावून पाहिला, डोंगर काही उचलेना. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पदराला हात पुसले आणि विहीणबाईंना फोन लावला.

"मी बोलतेय. बरं आहे ना?"

"हो. तुमच्याकडे?"

इथवर नेहमीचं झालं. मग बाईंनी डोळे मिटून सांगून टाकलं, पडद्यावर काय आलंय ते. आणि तिकडचा आवाज बदलला. विहीण गेली आणि एक्स्चेंजमधली बाई लाईनवर आली.

"अस्सं. घाबरू नका, लाईन सोडू नका. कॉम्प्युटर बंद करा. केलात? आता चालू करा, आणि चालू होता होता डिलीटचं बटण दाबत राहा."

"डिलीट? अहो, माझे सगळे दात पुसले जातील!"

"काही पुसलं जात नाही. मीही असंच ओरडले होते, माझ्या लेकीनं कानावरून फोन लांब धरला होता. दाबा."

बाईंनी दाबलं. कॉम्प्युटर आपला नेहमीसारखा उघडला. "उशीर झाला," विहीणबाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हाही तेच. तिसऱ्या वेळी बाईंनी बटणावर असा हात धरला की दाढ उपटायलाच बसल्यात. निळा पडदा आला. त्यावर रांगेनं इंग्रजी शब्द.

"आलं!"

"शाब्बास! आता वाचा एकेक."

बाई वाचत गेल्या, विहीणबाई "नाही, पुढे" म्हणत गेल्या. प्रोसेसरच्या पानावर खाली त्या बंद सोयीचा शब्द सापडला. त्याच्यापुढे "बंद" होतं, ते "चालू" केलं, जतन केलं. कॉम्प्युटर उघडला. बाईंनी ते बटण पुन्हा दाबलं, आणि पडद्याच्या आत एक छोटी काळी खिडकी उघडली. तिच्यातून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर जागा होत होता.

"अगंबाई!" बाईंच्या तोंडून निघालं. "उठला की हो!"

"तो त्याचं नाव विचारेल आता, ते द्या काहीतरी. माझ्याचं नाव 'एक्स्चेंज' आहे."

बाईंनी आपल्याचं नाव 'दाढ' ठेवलं.

पण सुरुवात झाली म्हणजे सगळं सरळ झालं असं नाही. दुसऱ्याच सकाळी एका डॉक्टरांना घाईनं कॅप हवी होती, आणि दात घडवायचा प्रोग्रॅम गोगलगाईसारखा चालू लागला. माऊस हलवावा आणि बाण मागाहून विचार करत करत यावा. डॉक्टरांचा फोन, रोगी खुर्चीत, बाईंचा जीव टांगणीला. त्यांनी विहीणबाईंना गाठलं.

"आतल्या मशीनला कॉम्प्युटरच्या ताकदीतलं किती दिलंत?"

"किती म्हणजे? विचारलं किती देऊ, मी सगळं दिलं. कामाला हात आखडता कशाला?"

"अहो, पाहुणा आला म्हणून आपण अंगणात झोपतो का? निम्मं द्या. आणि तिथेच एक खूण आहे, तुम्ही काम करत असाल तेव्हा त्यानं हळू चालायचं. ती करून टाका."

कॅप वेळेवर गेली. तर संध्याकाळी बाईंनी नवी चूक केली. भट्टी आहे म्हणून घरी जाताना मुख्य बटण बंद करायची त्यांची जुनी सवय. बटण खट्‌कन पडलं, आतलं गणित अर्ध्यावर मेलं, सकाळी पडद्यावरच्या कामांच्या यादीत त्या तुकड्यापुढे लाल खूण. बाईंना एवढं वाईट वाटलं की जणू कुणाचा चांगला दात काढला गेला.

विहीणबाईंनी समजूत घातली. "माझे सुरुवातीला असे किती गेले! बंद करायच्या आधी त्याला सांगायचं, आहेस तसा झोप. मग तो जिथे असेल तिथलं सगळं लक्षात ठेवून निजतो, सकाळी उठला की त्याच आकड्यापासून पुढे. आणि गेलेला तुकडा वाया जात नाही हो. दुसऱ्या कुणाला देतात."

हे सगळं बोलणं फोनवर चाले. रोज एक तरी फोन. आधी कॉम्प्युटरपुरतं, मग पाठदुखीपुरतं, मग लेकरांच्या लहानपणापुरतं. सुनेला लहानपणी भुताची नाही, फुग्यांची भीती वाटायची, हे बाईंना तेव्हा कळलं. आणि विहीणबाईंना कळलं की जावई पाचवीत असताना शाळेत खोटी कवळी लावून गेला होता.

एका दुपारी बाई डबा खात असताना यादीकडे नजर गेली. एका तुकड्यापुढे हिरवी खूण आली होती: मान्य. सुनेनं सांगितलं होतं की एकच तुकडा दोन वेगळ्या ठिकाणी पाठवतात, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच धरतात. बाईंनी ओळ उघडून बघितलं, आपल्या जोडीला कोण होतं? वर लिहिलं होतं 'दाढ'. खाली लिहिलं होतं 'एक्स्चेंज'.

हातातला घास तसाच ठेवून त्यांनी फोन लावला. "विहीणबाई, जुळलं!"

"काय जुळलं?"

"आपलं उत्तर! तुमचं आणि माझं! शेवटच्या आकड्यापर्यंत!"

मग विहीणबाई हसल्या. ओठ मिटून नाही, चांगल्या खदखदून. फोनवर तोंड कुणाला दिसतं? त्या हसत राहिल्या, बाईही हसायला लागल्या, आणि खालचा चष्मेवाला जिना चढून बघायला आला की वर काय पडलं.

"दोन विहिणींचं एकमत," विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "आता पुस्तकात छापायला हवं. बरं, ऐका. उद्या येते मी तुमच्याकडे. एवढं जुळलंय तर तो माझा दातही जुळवून टाका एकदाचा."

"अहो, मी त्या दिवशी..."

"रंग चुकलेलाच होता हो. आरसा माझ्याकडेही आहे."

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंच्या डॉक्टरांकडून माप आलं आणि मागोमाग त्या स्वतः आल्या. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेला त्यांनी मान लववून नमस्कार केला. बाईंनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, रंगांची पट्टी हातात घेतली आणि उजेडात एकेक नमुना दाताशी धरून बघू लागल्या. काम सुरू झालं की बाईंना आजूबाजूचं भान नसे. विहीणबाई तोंड उघडं ठेवून जमेल तसं बोलत होत्या, बाई "हलू नका" म्हणत होत्या. कोपऱ्यात कॉम्प्युटर निम्म्या ताकदीनं विहीणबाईंचा दात घडवत होता आणि निम्म्या ताकदीनं परागकण उडवत होता.

डॉक्टरांकडे दात बसला तो असा की शेजारच्या दाताला विचारलं तरी ओळखू येऊ नये. विहीणबाई तो दाखवायला परत वर आल्या आणि बाईंना घेऊन सरळ खाली चष्म्याच्या दुकानात गेल्या. तिथे आरसे पुष्कळ. चष्मेवाल्यानं विचारलं, रोज वर एवढं हसायला काय असतं? मग काय, त्यालाही सगळं ऐकावं लागलं. त्याचा दुकानातला कॉम्प्युटर दिवसभर नुसता नंबर लिहायला होता.

"यात मला काय मिळणार?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"पुढच्या वर्षी शिंका कमी," बाई म्हणाल्या.

"शिंका कमी तर डोळे चोळणं कमी, मग चष्मे कोण घेणार?" असं म्हणत त्यानं खुर्ची सरकवून जागा करून दिली. बाईंनी त्याच्यापाशी बसून निळा पडदा उघडला, विहीणबाईंनी शब्द सांगितले. या वेळी डिलीटला तो ओरडला आणि दोघी एकदम म्हणाल्या, "काही पुसलं जात नाही!"

तिथून लोण पसरलं. बाईंचे डॉक्टर होतेच. कवळी पोचवायला गेल्या की त्या आधी कवळी दाखवत आणि मग स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत. विहीणबाईंनी एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी जमवल्या. त्यांच्यातली एकही फोन ठेवायला तयार होत नसे, त्यामुळे शिकवणं सोपं गेलं. यजमानांनी सुद्धा शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे शिट्टी न वाजवता विषय काढला आणि सुट्टीच्या दिवसांत शाळेचे कॉम्प्युटर मिळवून दिले.

डोंगरावर एका चढाच्या टोकाला सुनेच्या फोनला जरा रेंज आली, तेव्हा तिनं आपल्या कामाची यादी उघडली आणि ती खडकावरच बसली. बाईंचा फोन वाजला.

"आई, यादीत काहीतरी गडबड झालीय. अचानक कितीतरी नवे कॉम्प्युटर आलेत. 'दाढ', 'सुळा', 'अक्कलदाढ', 'कवळी एक', 'कवळी दोन'... कुणीतरी थट्टा करतंय का?"

"थट्टा कसली? 'भिंग' राहिला की. तो खालच्या चष्मेवाल्याचा."

मग सून म्हणाली, "अगं आई, तू केलंस हे सगळं?"

अगं! तू! सुनेच्या लक्षातही आलं नसावं, ती पुढे बोलतच सुटली होती. बाईंनी मात्र ते दोन्ही शब्द नेमके टिपले. "मी एकटीनं नाही," त्या म्हणाल्या. "तुझी दुसरी आई माझ्या बोकांडी बसली होती. आणि ते चुलीचं बोलले ना मी, ते कौतुकानं बोलले होते गं. स्वतःची चूल घेऊन आलीस तर मी शेगडी बाजूला सारून जागा देईन."

"मला तेव्हाच हसू आलं होतं," सून म्हणाली, "पण तुला राग आलाय असं वाटून मी गप्प बसले." मग रेंज गेली.

पानगळ संपून झाडांना तुरे धरले तेव्हा पहिला नकाशा तयार झाला. सुनेनं दोघींना विद्यापीठात नेलं. तिच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यांतली एक पुस्तकांनी अडवलेली. दोघी एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या टेकल्या. पडद्यावर गाव दिसत होतं, वरून पाहिल्यासारखं, आणि त्यावरून एक पिवळसर धूर सरकत होता. नदीकडून उठला, शाळेवरून गेला, बाजारात दोन इमारतींच्या मध्ये गोल फिरला.

"हा एकेक ठिपका कुणीतरी मोजलाय," सून म्हणाली. "हे बघा, या पट्ट्यातले बरेच तुम्हा दोघींचे."

दातवाल्या बाई पुढे वाकल्या. दुसऱ्यांच्या तोंडात बघायची सवय असलेली ती नजर गावभर फिरली. "हा आमच्या गल्लीत का अडकतो एवढा?"

"चष्म्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर वारा वळतो. तुझ्या खिडकीत थेट."

"तरीच कवळीच्या मेणावर पिवळी पूड बसते! मी इतकी वर्षं चष्मेवाल्याला बोल लावत होते."

विहीणबाई नव्या दातासकट हसत म्हणाल्या, "आता घरी जाऊन त्याची माफी मागा आधी."

तिघी बाहेर आल्या. विद्यापीठाच्या आवारात एक उंच झाड तुऱ्यांनी लगडलेलं उभं होतं. वाऱ्याची झुळूक आली, फांद्या हलल्या आणि उन्हात बारीक पिवळी धूळ उडाली. एरवी बाईंनी पदर नाकाला लावून वाट धरली असती. आज त्या तोंड वर करून तिथेच उभ्या राहिल्या.

"पळ, आई!" सून म्हणाली.

पण तोवर उशीर झाला होता. बाईंना पहिली शिंक आली, पाठोपाठ दुसरी. विहीणबाई हसता हसता म्हणाल्या, "मोजा गं कुणीतरी," आणि त्यांनाही शिंक आली. सून दोघींच्या मध्ये उभी, कुणाला रुमाल द्यावा ते न कळून हसत होती, आणि झाड आपलं निवांत पिवळं पिवळं सांडत होतं.